पेटीला हात लावू नका

सावकाशरावांच्या घरात एक काळी पेटी आहे. तिच्यात त्यांचा कॅमेरा राहतो आणि त्या कॅमेऱ्यावर घर चालतं. तिला हात लावायची घरात एकाच माणसाला मनाई आहे, ती म्हणजे सावकाशरावांना.

"हात लावू नका," बायको म्हणते. "काय हवंय ते सांगा, मी काढून देते."

सावकाश हे त्यांचं खरं नाव नाही. ते कारखान्यांनी दिलं. बाटल्या भरणाऱ्या, डबे सील करणाऱ्या कारखान्यांत पट्ट्यावरून माल इतक्या वेगानं धावतो की एखादी बाटली आडवी झाली तर ती का झाली हे डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो काचांचा खच आणि एकमेकांकडे बोट दाखवणारी माणसं. मग यांना बोलावतात. ते कॅमेरा लावतात, एका सेकंदाचे हजारो तुकडे करतात आणि ती बाटली कॉम्प्युटरवर इतक्या हळू पाडून दाखवतात की चहा पिता पिता बघावी. कधी पट्ट्याचा नट ढिला निघतो, कधी बाटलीचं बूडच वाकडं असतं. कधी काहीच सापडत नाही, मग ते तसं सांगून परत येतात. "सावकाश आला का?" असं मुकादम फाटकावर विचारायचे. पुढे त्याला राव लागलं आणि ते नाव घरापर्यंत पोचलं. फोनमध्येही हल्ली स्लो मोशन असतं, हे त्यांना प्रत्येक लग्नात कोणीतरी सांगतं. ते मान डोलावतात आणि जेवायला बसतात.

बाटल्यांपर्यंत सगळं ठीक होतं. अडचण आली ती सासरकडून.

बायकोचा थोरला भाऊ पाडकामातला. बंद पडलेल्या कारखान्यांच्या चिमण्या, पाण्याच्या टाक्या, गोदामं सुरुंग लावून खाली आणणं हा त्याचा धंदा. सावकाशरावांच्या मुलीनं शाळेत जायच्या वयात त्याचं नाव सुरुंगमामा ठेवलं आणि वाचायला यायला लागल्यावर बापाच्या फोनमध्ये त्याच नावानं नंबर टाकून दिला. मुलगी आता नोकरीला लागली, पण नाव कोणी बदललं नाही. मामाचा आवाज मोठा आहे. कानात बोळे घालून बोलायची सवय असलेल्या माणसाचा असतो तसा. तो फोनवर बोलतो तेव्हा शेजारच्या खोलीतल्या माणसालाही हो-नाही म्हणता येतं.

चिमणीचंही बाटलीसारखंच आहे. धूळ उठायच्या आधी जे घडतं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि धूळ उठल्यावर काहीच दिसत नाही. म्हणून मामा पाडायला आणि भाऊजी टिपायला, अशी जोडी जमली. जोडी चांगली होती. पण जिथं सुरुंग उडतात तिथली धूळ कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर, पिशवीच्या शिवणीत, बुटांच्या नाडीत जाऊन बसते. ती दिसत नाही आणि तिला वासही नसतो. विमानतळावर मात्र एक यंत्र असतं. तपासणीवाले पांढरी कापडी पट्टी सामानावरून फिरवतात आणि त्या यंत्रात घालतात. हिरवा दिवा लागला की जा, लाल लागला की थांबा.

सावकाशरावांना किती वेळा थांबावं लागलं याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नाही. पण एकदाचं थांबणं फार महागात पडलं.

एका बंद वीजकेंद्राच्या दोन जुळ्या चिमण्या पाडायचं काम मामाला मिळालं होतं. पहिली पाडायच्या दिवशी सावकाशराव विमानतळावर कॅमेऱ्यासकट अडकून बसले, आणि तिकडे चिमणी मोकळ्या मैदानात पडायची ती तिरकी होऊन पंपघराच्या कोपऱ्यावर पडली. कोणी जखमी झालं नाही. पंपघर तेवढं अर्धं झालं. ठेकेदार म्हणाला, सुरुंगाचा माल चुकीचा भरला. मामा म्हणाला, माल बरोबर होता. चिमणीला पंपघराच्या बाजूनं जुन्या डागडुजीचं ठिगळ होतं, त्या विटा सुरुंगाची पाळी यायच्या आधीच सुटल्या. दोघांनीही पाहिली होती ती फक्त धूळ.

"तुझं ठिगळ मला दाखव," ठेकेदार म्हणाला.

आता ठिगळ कुठून दाखवणार? त्या विटांचा चुरा झाला होता. पण दुसऱ्या चिमणीला त्याच बाजूला, त्याच उंचीवर तसंच ठिगळ होतं. दोन्हींची डागडुजी एकाच हातानं, एकदमच झालेली. दुसरी पाडताना कॅमेऱ्यानं ते आधी सुटलेलं टिपलं, तर दोष विटांचा. नाही टिपलं, तर यापुढे मामाला काम नाही, असं ठेकेदारानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्या भागातली सगळी कामं त्याच ठेकेदाराच्या हातून जायची. म्हणजे मामाचा धंदाच त्या कॅमेऱ्यावर येऊन ठेपला.

त्यानंतर घरात सोवळं सुरू झालं. नवी पेटी आणली गेली. ती सावकाशरावांच्या आईच्या खोलीत, खाटेखाली, धुतलेल्या चादरीत गुंडाळून ठेवली गेली. कारण त्या खोलीत साइटवरचं कोणीच कधी जात नव्हतं. साइटचे बूट जिन्यात, कपडे बाल्कनीतल्या बादलीत. पेटी भरायचं काम बायकोकडे.

"माझ्या खाटेखाली पेटी ठेवलीत," आई म्हणाली. "आता मला तरी आंघोळ न करता झोपू द्याल का?"

"तुमचं चालेल," सून म्हणाली. "तुम्ही कुठे चिमण्या पाडता?"

"पाडल्या असत्या. कोणी विचारलं नाही."

कॅमेरा त्या वेळी दुरुस्तीला गेला होता. तिथल्या लोकांनी तो उघडून आतून-बाहेरून स्वच्छ पुसून परत पाठवला. तो हातात पडेपर्यंत मामा आपल्या माणसांना घेऊन गाडीनं केव्हाच पुढे गेला होता. सडकेनं जायचं तर वेळेत पोचणं अशक्य होतं. उरलं विमान.

नवी पेटी आतून रिकामी होती. तयार मिळणारा फोम दुसऱ्याच कॅमेऱ्याच्या मापाचा निघाला. बायको घरी सोफ्यांची आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. तिनं टेप घेतली, कॅमेऱ्याची मापं काढली आणि एका दिवसात जाड, भरलेली, निळी पिशवी शिवून दिली. तिला आत कप्पे, तोंडाला पट्टी. कॅमेरा तिच्यात असा बसला की पेटी उलटी केली तरी हलला नसता.

"कापड तीनदा धुतलंय," ती म्हणाली. "गरम पाण्यात."

सावकाशरावांनी पिशवीचं कौतुक केलं, लांबून. कापड कुठलं हे विचारलं नाही. शिवणाऱ्या घरात ते कोणी विचारत नाही. उशीचा अभ्रा कधीतरी पडदा होता आणि पडदा कधीतरी कोणाच्या तरी सोफ्यावर होता, हे धरूनच चालायचं असतं.

*

त्या आठवड्यात विमानतळावरचे नियम आणखी कडक झाले होते. फोनपेक्षा मोठं जे काही असेल ते बाहेर काढायचं आणि चालू करून दाखवायचं. चालू झालं नाही तर ते विमानात येणार नाही. सुट्ट्या बॅटऱ्या खाली जाणाऱ्या सामानात चालणार नाहीत, त्या जवळ ठेवायच्या. रांगेत प्रत्येकाच्या हातात वायरींचा गुंता होता आणि प्रत्येकाला आपलाच गुंता सर्वांत निरुपद्रवी वाटत होता.

पुढच्या माणसाचा लॅपटॉप अपडेट होत होता.

"बंद करू नका असं लिहिलंय इथे," तो म्हणाला.

"चालू करा असं आम्ही म्हणतोय," तपासणीवाला म्हणाला.

"चालूच आहे. पण उघडत नाही."

"मग चालू कुठे आहे?"

दोघंही बरोबर होते, त्यामुळे रांग हलेना. सावकाशराव शांत होते. ते मुद्दाम खूप आधी आले होते. कपडे नवे, चपला नव्या. घरून निघताना बायकोनं दार स्वतः उघडून दिलं होतं आणि पेटी मुलीनं टॅक्सीत ठेवली होती. पेटीची मूठ सोडून त्यांनी कशालाही हात लावलेला नव्हता.

त्यांची पाळी आली. तपासणीला एक मध्यमवयीन बाई होत्या. चष्मा कपाळावर, बोलणं कमी. त्यांनी आधी सावकाशरावांच्या तळहातांवरून पट्टी फिरवली. हिरवा.

किती तरी दिवसांनी त्यांच्या हातांना हिरवा मिळाला होता. त्यांना जरा बरं वाटलं.

मग बाईंनी पेटी उघडली, निळ्या पिशवीवरून पट्टी फिरवली आणि यंत्रात घातली. लाल. दुसरी पट्टी घेतली, पिशवीच्या आतून फिरवली. लाल. कॅमेरा बाहेर काढून त्याच्यावरून तिसरी. तीही लाल.

"हे काय आहे?"

"कॅमेरा. वेगवान कॅमेरा. कारखान्यात बाटल्या पडतात ना, त्या का पडतात ते बघायला." घरून निघताना बायकोनं बजावलं होतं, फक्त बाटल्यांचं बोला.

"बाटल्या."

"हो. आणि डबे."

नेमका तेव्हाच ट्रेमधला फोन वाजू लागला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव आलं. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, ते वाचलं आणि सावकाशरावांकडे पाहिलं.

"सुरुंगमामा कोण?"

"माझ्या मुलीचे मामा."

"ते मामावरून कळलं. सुरुंग कशावरून?"

फोन वाजायचा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मामाला फोन न उचलणं म्हणजे ऐकू न येणं वाटतं, त्यामुळे तो लावतच राहतो.

"घ्या," बाई म्हणाल्या. "स्पीकरवर."

"नंतर बोलेन मी त्यांच्याशी."

"आत्ता घ्या."

त्यांनी घेतला. मामाचा आवाज तिन्ही रांगांना पुरला. "भाऊजी, बसलात का विमानात? माझं सगळं भरून झालंय. उद्या सकाळी उडवायचं. तुम्ही फक्त या."

बाईंनी फोन उचलला, बंद केला आणि ट्रेमध्ये पालथा ठेवला. बाजूला खोळंबलेला लॅपटॉपवाला आपला अपडेट विसरून दोन पावलं मागे सरला.

*

बाजूच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, एक केटली आणि छताला पंखा होता. टेबलामागे साहेब होते. दमलेले होते, पण तुसडे नव्हते. ते ओरडले असते तर सावकाशरावांना सोपं गेलं असतं.

सावकाशरावांनी आता सगळं सांगितलं. चिमण्या, मेहुणा, वीजकेंद्र. मेहुण्याच्या परवान्याची प्रत दाखवली, वीजकेंद्राचं पत्र दाखवलं, स्वतःचं ओळखपत्र दाखवलं. साहेबांनी एकेक कागद नीट वाचला.

"कागद बरोबर आहेत," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? दिवा लाल आहे."

"पण त्याचं कारण कागदात आहे ना, साहेब. आमचा धंदाच तो."

"म्हणजे लाल दिवाही बरोबर आहे." साहेबांनी कागद परत केले. "चालू करून दाखवा."

त्या कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी नसते. त्याला भिंतीतली वीज लागते, आणि चित्र दिसायला कॉम्प्युटर लागतो. केटलीची पिन काढून कॅमेऱ्याची लावली गेली. लॅपटॉप जोडला गेला. सावकाशरावांनी वायरीला हात लावायच्या आधी बाईंकडे पाहिलं, बाईंनी मान हलवली, असं प्रत्येक वायरीला झालं. शेवटी कॅमेरा सुरू झाला. समोर दुसरं काही हलत नव्हतं म्हणून त्यांनी तो पंख्याकडे वळवला. पडद्यावर पंख्याची पाती वेगवेगळी दिसू लागली, जडशी, एकामागून एक सरकणारी. एका पात्याच्या टोकाला जळमट लोंबत होतं.

"पंखा कोणी बंद केला?" साहेब म्हणाले आणि वर पाहिलं. वर तो गरगरत होता.

तेवढ्यापुरते ते तिघं एकाच बाजूला होते. बाईंनी जळमट पाहिलं, साहेबांनी बाईंकडे पाहिलं. मग साहेबांनी पिशवी जवळ ओढली, हातमोजे घालून ती आतून बाहेर उलटी केली आणि टेबलावर पसरली.

आतलं अस्तर पिवळ्या-तपकिरी चौकड्यांचं होतं. एका जागी भोक पडून लाल दोऱ्यानं रफू केलेलं होतं. सावकाशराव ते अस्तर ओळखत होते. ते रफू त्यांच्याच घरी, त्यांच्यासमोर झालं होतं. गेल्या हिवाळ्यात मामा चार दिवस राहायला आला आणि जाताना आपलं निळं जाकीट दारामागे विसरून गेला. कित्येक महिने ते तिथं लटकत होतं. त्याच्या आधीचे कित्येक हिवाळे ते प्रत्येक साइटवर मामाच्या अंगात होतं. माल मोजताना, भरताना, हात पुसताना.

बायकोला ते भावाचं एरवी घालायचं जाकीट वाटलं. साइटचे कपडे म्हणजे काय हे तिला पाठ होतं. ते बाल्कनीतल्या बादलीत असतात. दारामागे असतं ते पाहुण्याचं. भरपूर कापूस, चांगलं कापड, भाऊ काही परत मागत नाही. तीनदा धुतलं, गरम पाण्यात.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

सावकाशरावांनी हात पाठीमागे घेतले होते, टेबलापासून लांब. गप्प बसावं असं एकदा मनात आलं. पण कारण कळलं तर दिवा तरी समजेल, असं त्यांना वाटलं. कारखान्यांत तसंच चालतं. कारण दाखवलं की माणसं भांडायची थांबतात.

"हे मेहुण्याचं जाकीट आहे," ते म्हणाले.

साहेबांनी पिशवीकडे पाहिलं. "हे?"

"आधी जाकीट होतं. बायकोनं त्याची पिशवी शिवली. म्हणजे लाल दिवा का लागला ते सापडलं. कॅमेरा स्वच्छ आहे. तो पुसून पुन्हा तपासा, पिशवी फेकून द्या."

"म्हणजे," साहेब हळूहळू म्हणाले, "स्फोटकं हाताळणाऱ्या माणसाचं जाकीट कापून, त्यात कॅमेरा ठेवून, तो तुम्ही विमानात न्यायला आणलात."

"हो."

"आणि हे तुम्ही मला स्वतःहून सांगताय."

"हो."

बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

कॅमेरा पुसला. पुन्हा पट्टी फिरवली. लाल. त्याच्या जाळीत, स्क्रूच्या खाचांत जे जायचं ते गेलं होतं. साहेबांनी दोन फोन केले. त्यांचं बोलणं ऐकूनच निकाल कळला. माणूस जाऊ शकतो. माणूस हिरवा आहे. कॅमेरा, लॅपटॉप आणि वायरी इथेच राहतील. उद्या दुसरं पथक येऊन त्या तपासेल, आणि सगळं नीट असलं तर दुपारच्या विमानानं मालवाहतुकीतून पाठवेल. पिशवी राहील ती कायमची.

"सकाळी चिमणी पडणार आहे, साहेब."

"तुमचे मेहुणे थांबू शकत नाहीत?"

थांबता येत नाही, हे सावकाशरावांना माहीत होतं. तरीही त्यांनी खोलीबाहेर येऊन मामाला फोन लावला, कारण न विचारणं बरं दिसलं नसतं.

"माल भरलाय, भाऊजी," मामा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान होता. "भरलेला माल रात्रभर ठेवू देतात तेच खूप. पलीकडची वस्ती पहाटेच रिकामी करणार. सडक बंद. पोलीस आलेत. मी थांब म्हटलं तर ठेकेदार मलाच भरेल त्या भोकात." मग त्यानं विचारलं, "तसला दुसरा कॅमेरा इथं कोणाकडे मिळतो का?"

"तिथं? लग्नाचे मिळतील."

"मग तुम्ही तरी या. एक माणूस तरी माझ्या बाजूचा पाहिजे."

सावकाशराव विमानात बसले. हातात कॅमेऱ्याची रिकामी तिपाई होती. तिपाई हिरवी निघाली होती.

*

चिमणी सकाळी पडली. सावकाशराव एका शाळेच्या गच्चीवर होते. महागड्या तिपाईवर त्यांनी आपला फोन बांधला होता. तेवढ्या अंतरावरून फोनला चिमणी काडीएवढी दिसत होती. शेजारी ठेकेदार, वीजकेंद्राचे दोघं आणि एक डॉक्टर.

मामानं या वेळी ठिगळाच्या बाजूला माल कमी भरला होता. पहिल्या चिमणीनं शिकवलं होतं, म्हणून. ठिगळ लवकर सुटणार, तर सुटू दे. बाकीच्या बाजू त्याला सांभाळून घेतील, असा अंदाज. अंदाज बरोबर निघाला. आधी बुडाशी धुराचे झोत उठले, मग आवाज आला, आणि चिमणी मैदानाच्या मधोमध, आखून दिल्यासारखी सरळ झोपली. गच्चीवर टाळ्या पडल्या. वीजकेंद्रवाल्यांनी ठेकेदाराचा हात हातात घेतला.

फोनमध्ये आलं होतं ते असं: एक काडी, मग धूळ, मग कोणाचं तरी कोपर. सावकाशरावांनी ते हळू करून तीनदा पाहिलं. धूळ हळू उठली, एवढंच.

मामा धुळीनं पांढरा होऊन वर आला तेव्हा ठेकेदारानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आज बघ कसं सरळ पाडलंस."

"हो."

"दोन्ही चिमण्या सारख्या. तुझंच म्हणणं. ठिगळसुद्धा सारखं."

"हो."

"मग आज सरळ कशी पडली?"

मामानं सांगितलं. माल कमी भरला, त्या बाजूच्या विटा आधी सुटतात म्हणून. ठेकेदार ऐकत होता, ऐकल्यासारखा.

"म्हणजे नीट भरला की नीट पडते," तो म्हणाला. "मग पहिल्या वेळी नीट भरला नव्हतास."

"पहिल्या वेळी ठिगळ माहीत नव्हतं. आज ते आधी सुटलं. बघितलं असतं तर दिसलं असतं."

"कुठे दिसलं असतं?"

मामानं सावकाशरावांकडे पाहिलं. सावकाशरावांनी फोन तिपाईवरून सोडवला आणि खिशात घातला. दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं. ठेकेदार वाईट माणूस नव्हता. त्याला पंपघराचं उत्तर द्यायचं होतं आणि उत्तर आता त्याला मिळालं होतं. "चहा घेऊन जा," तो मामाला म्हणाला. पुढच्या कामाचं काही बोलला नाही.

कॅमेरा संध्याकाळी आला. विमानतळाच्या प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलेला, वर हिरवी चिठ्ठी. सावकाशरावांनी तो लॉजच्या खोलीत उघडला आणि लावून पाहिला. ओरखडासुद्धा नव्हता. एवढा चांगला तो दुरुस्तीहूनही आला नव्हता. त्यांनी त्यातून खिडकीबाहेर पाहिलं. आता पाडण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं.

"लाल कशामुळे लागला, कळलं का काही?" मामानं पलंगावरून विचारलं.

"तुझ्या जाकिटामुळे."

"कुठलं जाकीट?"

"गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे विसरलास ते. तुझ्या बहिणीनं त्याची कॅमेऱ्याला पिशवी शिवली."

मामा उठून बसला.

"मी ते शोधत होतो," तो म्हणाला.

*

परतीला दोघं गाडीनं आले. मामाला घाई नव्हती, कारण पुढचं काम नव्हतं. दोघांनी जिन्यात बूट काढले, बाल्कनीत कपडे बादलीत टाकले, आंघोळी केल्या. सगळं नियमाप्रमाणे झालं. कॅमेऱ्याचं काय झालं ते सावकाशरावांनी फोनवर बायकोला सांगितलं होतं, विमानतळावर अडकला एवढंच. पिशवीचं सांगितलं नव्हतं.

जेवायला बसले. बायकोनं भावाला वाढलं आणि विचारलं, "पेटीत नुसता कॅमेराच आलाय. पिशवी कुठाय?"

"तिकडेच राहिली," सावकाशराव म्हणाले.

"बसला होता ना नीट कॅमेरा तिच्यात?"

"एकदम घट्ट."

"असू दे. कापड उरलंय अजून. दोन्ही बाह्या तशाच आहेत. दुसरी शिवते."

"नको," सावकाशराव म्हणाले.

"नको," मामाही म्हणाला, त्याच वेळी.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. मामा ताटात बघत होता. सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. बायको उठली, सासूच्या खोलीत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात दोन निळ्या बाह्या होत्या. त्या पेटीखाली अंथरलेल्या होत्या, पेटीला फरशी लागू नये म्हणून. तिनं एक बाही उलटी करून पिवळं-तपकिरी अस्तर पाहिलं. रफूकडे ती जरा जास्त वेळ पाहत राहिली.

"हे साइटवर घालायचास तू?"

"थंडी असली की," मामा म्हणाला.

"मग बादलीत का नाही टाकलंस? दारामागे का लावलंस?"

"पाहुणा होतो."

ती तशीच उभी राहिली, बाह्या अंगापासून लांब धरून. "म्हणजे दादा, तुझं काम माझ्यामुळे गेलं."

"तुझ्यामुळे कसं?" मामानं भात कालवला. "ते चिमणी सरळ पडली म्हणून गेलं."

ती बाह्या घेऊन जिना उतरली आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. हात साबणानं धुतले. मग ते उलटसुलट करून पाहिले आणि पुन्हा धुतले. मामाच्या ताटात भात संपला होता. तिनं वाढणीला हात घातला आणि तो तसाच मागे घेतला.

"आई," ती सासूला म्हणाली, "तुम्ही वाढा जरा."